गुरुजींची तूरडाळ

आमच्या औंढ्यात गायकवाड गुरुजींकडून अर्ज लिहून घ्यायचा म्हणजे आधी त्यांची तूरडाळ निवडावी लागायची. माणूस कितीही तावातावानं येवो, गुरुजी चष्मा पुसत सूप पुढं सारायचे. "आधी खडे काढा, मंग तक्रार सांगा."

रिटायर झालेले मराठीचे मास्तर, आमच्या भिंतीला भिंत लावून घर. हिंगोलीचा नवा जिल्हा झाला आणि लोकांना अर्जांचा चेवच चढला, तेव्हा गुरुजींच्या ओसरीवर कोण गर्दी! आणि येईल त्याला एकच धडा. "विवेक शब्द कुठून आला, म्हाईत हाय का? विच् धातू. विच् म्हंजे वेगळं करणं. पाखडून दाणा एकीकडं, भुसा एकीकडं. पोथीतून न्हाई आला बाबा, सुपातून आला! बराबर हाय का न्हाई?" बराबर म्हटल्याशिवाय सुटका नसायची.

काकू आतून म्हणायच्या, "तुमचा विवेक ऱ्हाऊ द्या. माझं निवडायचं काम वाचून राहिलं, तेवढं खरं."

हसू नका, पण उपाय लागू पडायचा. अर्धं सूप होईस्तोवर राग निवायचा, आणि कितीतरी लोक अर्ज न लिहिताच चहा पिऊन घरी जायचे.

काकू गेल्या, तरी सूप चालूच राहिलं. बांधावरून थोरल्या भावाशी माझं वाजलं तेव्हा मीही तणतणत गेलो. निवडता निवडता हिरव्या बांगडीचा तुकडा हाती लागला, तो गुरुजींच्या तळहातावर ठेवला. सूप संपेपर्यंत मला आठवलं, की बांध हातभर सरकवला होता तो मीच. अर्ज राहिलाच.

महिन्याभरानं रेशनकार्डाच्या अर्जासाठी गेलो. सूप पुढं आलं आणि त्यात पुन्हा तोच हिरवा तुकडा! खडेही ओळखीचे वाटायला लागले.

"गुरुजी, हा तर मी मागंच काढला होता. खडे परत मिसळता काहून?"

गुरुजी कधी नव्हे ते गडबडले. मग हळूच म्हणाले, "निवडलेली डाळ घेऊन मी काय करू? मला डबा येतो. खडे संपले तर तुमी बसताल का माझ्यापाशी? अर्ज घेताल अन् चालू लागताल." तुकडा बोटांत फिरवत राहिले. "ही तुमच्या काकूची बांगडी. डाळ पाखडतानाच फुटली व्हती. रोज कुणीतरी हुडकून माझ्या हातावर ठेवतं. बरं वाटतं."

वाटीतले खडे मीच डाळीत ओतले, वर तो तुकडा टाकला आणि सूप हलवलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला घेऊन गेलो.

"आता काय झालं रे तुमचं?" गुरुजींनी विचारलं.

"अजून तर काही न्हाई," भाऊ मांडी घालत म्हणाला. "पण तुमी सूप तर आणा."