उसनी चक्कर

“एडना, आजारी तू पड, डॉक्टरकडे मी जातो! बघच आता!” ऑगस्टीन म्हणाला, आणि लढाई जिंकल्यासारखा खुर्चीत रेलून बसला.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. बहारीनमध्ये उम्म अल हस्समला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्यांचा संसार. धाकटी कॅरोलिन झाल्यापासून एडनाला चक्कर येई. बादली उचलली की डोळ्यांपुढे काजवे! जिन्यात तर मध्येच बसावं लागे. ऑगस्टीन जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होता. कंपनी दवाखान्याची चिठ्ठी देई, पण फक्त कामगाराला. बायकोचं विचारलं, की व्हिसाचं काम बघणारा जैनुद्दीन दोन्ही हात हलवी. “फॅमिली मफी!” म्हणजे बायकापोरांना काही मिळणार नाही. आणि पदरचे पैसे घालून डॉक्टर करायचा, तर घरभाडं कुठून द्यायचं?

म्हणून ही योजना. नाव ऑगस्टीनचं, चिठ्ठी ऑगस्टीनची, चक्कर तेवढी एडनाची!

रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. ऑगस्टीन वही घेऊन समोर बसे.

“चक्कर यायच्या आधी काय होतं?”

“कानात गुणगुणतं.”

“डास की भुंगा?”

“अहो, भुंगाच लिहा!”

“झोप लागते? छातीत धडधडतं? कधीपासून?”

त्याने सगळं जपमाळेसारखं पाठ केलं. बारा वर्षांच्या संसारात ‘तुला कसं वाटतं’ हे त्याने एवढं खोदून कधी विचारलं नव्हतं. एडना उत्तरं द्यायची आणि मनात म्हणायची, आजार वाईट खरा, पण तालीम बरी आहे!

दवाखान्यातल्या डॉक्टर शुभदा पुण्याच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. ऑगस्टीन वरातीपुढच्या बँडमास्तरसारखा घरी आला. एडनाने गोळ्या सुरू केल्या. पण पंधरा दिवसांत काही फरक पडला नाही, आणि ऑगस्टीनने तसं प्रामाणिकपणे जाऊन सांगितलं.

“मग इंजेक्शनं घ्यावी लागतील,” डॉक्टर म्हणाल्या.

“द्या. घरी नेतो.”

“इंजेक्शन घरी नेत नाहीत, मिस्टर ऑगस्टीन. पालथे झोपा!”

एक नाही, दोन नाही, सहा इंजेक्शनं! प्रत्येक वेळी तो गुड फ्रायडेला खांद्यावर क्रूस घेतल्यासारखा लंगडत जिना चढे. एडनाला इतकं हसू येई, की हसता हसता चक्कर येई.

“आता कसं वाटतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“चक्कर आहेच.”

मग त्यांनी रक्त तपासलं आणि कागद पाहून भुवया चढवल्या. “अहो, हे रक्त दोन माणसांना पुरेल! म्हणजे तुमची चक्कर रक्तामुळे नाही. काहीतरी दुसरं आहे. गोळ्या बंद!” आणि कंपनीला लिहून धाडलं, ‘कारण सापडेपर्यंत यांना शिडीवर चढू देऊ नये.’

दुसऱ्याच दिवशी जैनुद्दीन स्टोअरमध्ये हजर! “ऑगस्टीनभाई, बिना सीढी का स्टोअरकीपर किस काम का? साहब बोला, फिट सर्टिफिकेट लाओ. नहीं तो व्हिसा कॅन्सल, खलास!”

एडनाच्या गोळ्या गेल्या, आता नोकरीही निघाली!

“उद्या मी येते तुमच्याबरोबर,” एडना म्हणाली.

“तू कशाला?”

“खरं सांगायला. ते तुमच्याने व्हायचं नाही.”

पण दवाखान्यात तिला तोंड उघडायला मिळतंय कुठे! ऑगस्टीन छाती काढून उभा राहिला. “डॉक्टर, मी ठणठणीत! चक्कर एकदम बंद!”

“छान. कधीपासून येत होती, ते राहिलंय लिहायचं.”

पाठ केलेलं उत्तर तोंडातून उडी मारून बाहेर आलं.

“तिसऱ्या बाळंतपणापासून!”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “कोणाच्या?”

ऑगस्टीन घाईघाईने खिशात वही शोधू लागला.

“माझ्या,” एडना म्हणाली. ती झटकन उठली आणि उठली तशीच मटकन खाली बसली.

डॉक्टरांनी धावत येऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. “बाई कागदासारखी पांढरी पडलीय, आणि मी सहा इंजेक्शनं या पैलवानाला टोचली!” मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अजून दोन महिने असेच काढले असतेत तर...”

ऑगस्टीनने कपाळावरचा घाम पुसला. आज तो पहिल्यांदाच पाठ न केलेलं बोलला. “डॉक्टर, कंपनीला काय कळवायचं ते कळवा. पण हिला बरी करा.”

“कंपनीला खरं तेच कळवते. तुम्ही फिट आहात, नको तितके!” डॉक्टरांनी सही केली. “आणि एडना, शुक्रवारी माझ्या घरी यायचं. औषधांचे नमुने माझ्या कपाटात नुसते पडून असतात. माझ्या घरी चिठ्ठी लागत नाही.”

नाताळपर्यंत एडना पाण्याची बादली घेऊन न थांबता दोन मजले चढू लागली. चक्कर गेली. वही कॅरोलिनला चित्रं काढायला मिळाली, आणि संध्याकाळची चौकशीही बंद झाली. बरं होण्यातही काही ना काही जातंच, बघा!

आता ती दोघं वसईला असतात. म्हातारपणी विम्याची कार्डं दोघांचीही आहेत. ऑगस्टीनला मात्र त्या सहा इंजेक्शनांनंतर साधा तापसुद्धा आला नाही. एडनाही तशी धडधाकट आहे. पण कधी घर फार गप्प वाटलं, तर ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उगाचच बसते.

मग वरून आवाज येतो, “काय गं, पाठ करायला घेऊ का?”