चकतीला पाहायला आलेले न्यूट्रॉन

न्यूट्रॉन नमुना पाहून झाल्यावर निकाल जागेवर देत नाहीत. ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणतात. सुनीती वझरकर हिला हा रिवाज ठाऊक होता, म्हणून तिने सकाळीच आपली जेलची चकती धुऊन-पुसून उपकरणासमोर बसवली. खारे पाणी गोडे करणारी ही चकती तिने वर्षानुवर्षे खपून घडवली होती. तिच्या आतली सूक्ष्म छिद्रे केवढी आहेत, एवढे कळले की प्रबंध पुरा होणार होता. उपकरण मात्र संध्याकाळपर्यंतच तिच्या वाट्याला होते. पुढची पाळी थेट पुढच्या वर्षी.

अणुभट्टीकडून मंडळी आली. चकतीच्या आरपार शिरून त्यांनी सगळे नीट न्याहाळले, पाण्यात फुगते का, तापवल्यावर आक्रसते का, असे दोन-चार प्रश्न विचारले आणि निरोप घेतला. दहा मिनिटांतच त्यांच्यातले ज्येष्ठ दोघा-चौघांना घेऊन परत आले. त्यांचे वय चौदा मिनिटे होते, आणि न्यूट्रॉनांत ते बरेच मानले जाते.

“आम्हांला धाकटी पसंत आहे,” ते म्हणाले.

धाकटी म्हणजे शेजारी ठेवलेली रिकामी काचेची कुपी, चकती बसवली होती तसलीच.

उपकरणप्रमुख देवस्थळी सरांनी कपाळाला हात लावला. “अगं, दाखवण्याच्या कार्यक्रमात धाकटीला कुणी बाहेर बसवतं का?”

“सर, चकतीच्या मोजमापातून रिकाम्या कुपीचं वजा करावंच लागतं.”

“ते मंडळी गेल्यावर करायचं!”

“मुलगी पारदर्शक आहे हो,” ज्येष्ठ कौतुकाने म्हणाले. “मनात काही ठेवत नाही. आणि देण्याघेण्याचं म्हणाल, तर आम्ही विद्युतभारसुद्धा घेत नाही.”

“थोरलीचं काय?” सुनीतीने विचारले.

“योग नाही, असं समजा.”

नकाराचे कारण विचारू नये, असा संकेत आहे. परंतु पुराव्याशिवाय निष्कर्ष स्वीकारण्याची सुनीतीला सवय नव्हती.

“योग नाही, हे निरीक्षण नव्हे, काका. दोष सांगा.”

“कशाला उगाच कटुता?”

“सांगाच. नाहीतर धाकटीही मिळणार नाही.”

ज्येष्ठांचा नाइलाज झाला. “मग ऐका. आत एकवाक्यता नाही. काही छिद्रं बारा नॅनोमीटरची, काही जेमतेम तीनची. भिंती खरबरीत.”

“आणि पाणी कोपऱ्यात अडून बसतं, ते सांगा की!” मागून एक मावशी न्यूट्रॉन फणकारल्या.

“किती पाणी, मावशी?”

“शेकडा सतरा! मी स्वतः पाहिलंय.”

सुनीतीने सगळे टिपून घेतले. प्रबंध पुरा झाला होता. कुपीची बोलणीही त्याच बैठकीत पक्की झाली.

मंडळी गेल्यावर तिने चकतीला, जरा संकोचतच, ते आकडे वाचून दाखवले. चकतीने शांतपणे ऐकून घेतले.

“सगळं खरं आहे,” ती म्हणाली. “पण मला विचारलं असतंस, तर मीच सांगितलं असतं.”

सुनीतीने तिला समजावले, की घरच्या माणसाची साक्ष परीक्षक ग्राह्य धरत नाहीत.