डाव्या सीटवरची सवाष्ण

पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायची नसते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी सोळा सोमवार दोनदा केलेत, चातुर्मासात कांदा-लसूण सोडते आणि श्राद्धाच्या पंधरवड्यात साधा चमचासुद्धा विकत घेत नाही. पण गाडी नवीन कुठे होती? चांगली अकरा वर्षांची होती. जुनी वस्तू घेऊ नये असं कोणत्याही पोथीत लिहिलेलं नाही (मी तीन पोथ्या पाहिल्या), हे मी यांना पटवून दिलं. चतुर्थीच्या दिवशी विजय नगरच्या भय्यासाहेबांची पांढरी गाडी आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, आमच्या घरासमोर येऊन उभी राहिली.

घाई माझीच होती. चौपन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि लायसनच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. चौथ्या वेळी नर्मदामाईला हात जोडून बोलले, पास केलंस तर घटस्थापनेच्या आत स्वतः गाडी चालवत, एकटी, ग्वारीघाटावर येईन आणि दिवा सोडीन. ‘एकटी’ हा शब्द तोंडातून आपोआप निघाला. तीस वर्षं यांच्या स्कूटरवर मागे बसून देव पाहिले, तेही यांना सुट्टी असेल तेव्हा आणि परतायची घाई असेल तितकेच. मनात कुठेतरी साचलं असावं. माईनं पास केलं. आता नवस शब्दाला शब्द फेडायला नको का?

गाडी देताना भय्यासाहेबांनी ड्रायव्हरच्या शेजारची डावी सीट हातानं थोपटली. डोळे ओले झाले होते. “दीड महिना झाला,” ते म्हणाले, “आता या सीटवर बसणारं कोणी नाही.” त्यांच्या घरात ओट्यावर एकच ताट, एकच वाटी पालथी घातलेली दिसली. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. अशा वेळी कोणी काही विचारतं का? आम्ही विचारलं नाही.

पंचमीला दिवेलागणीच्या सुमारास मी पहिल्यांदा एकटी निघाले. विजय नगरचे रस्ते रुंद, म्हणून सरावाला तिकडेच गेले. भय्यासाहेबांच्या गल्लीकडे वळायच्या आधी एक चांगलाच उंच ब्रेकर आहे. त्यावरून गाडी उतरली आणि डाव्या दाराचं कुलूप ‘खट्’ करून उघडलं. मग छतातला दिवा लागला. एकदम नाही, निरांजनाची ज्योत धरावी तसा हळूहळू. आणि माझ्या डाव्या गालावर गार श्वास आला. एसी बंद होता. काचा बंद होत्या. शेजारची सीट रिकामी होती, पण रिकाम्या खोलीत नुकतंच कोणी उठून गेलेलं असावं तशी ती रिकामी होती.

घाबरलेल्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. मला पाहुणचार सुचला. मी म्हणाले, “बसा.”

घरी येऊन सीटसमोरची, ऊन लागू नये म्हणून खाली ओढतात ती पाटी ओढली. तिच्या मागे छोटा आरसा होता आणि आरशाच्या कोपऱ्यात एक मरून टिकली चिकटवलेली होती. कडेनं झिजलेली, पुन्हा पुन्हा काढून लावलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी टिकली लावूनच गेली होती.

आमचे हे, पुंडलिकराव, फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये आहेत. तिथे प्रत्येक वस्तूला नंबर असतो आणि ज्याला नंबर नाही ते अस्तित्वात नसतं. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी योगेंद्र भैयाला फोन लावला. योगेंद्र भैयाचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. तो आला, यांना डावीकडे बसवलं, मला मागे, आणि गाडी विजय नगरला नेली. ब्रेकर आला, गेला. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले तर खट्, दिवा, गार श्वास. संध्याकाळी तिघं गेलो तर गाडी देव्हाऱ्यासारखी शांत. योगेंद्र भैयानं कुलूप बदललं, बल्ब बदलला, हवेच्या पंख्याचं बटण बदललं, आणि प्रत्येक वेळी यांना शेजारी बसवून चक्कर मारून आणली. शेवटी हात पुसत तो मला अगदी हळू आवाजात म्हणाला, “दीदी, नींद ठीक से आ रही है न आपको?”

यांनी निकाल दिला. गाडीत काही नाही, जे आहे ते माझ्या मनात आहे. “काहून एकटी हिंडून राहिली मग? माझ्यासंग जात जा, तेव्हा कुठे काय होते?” आणि वर हेही सांगून टाकलं की अमावस्येपर्यंत माझं खट् थांबलं तर ठीक, नाहीतर भय्यासाहेबांशी बोलणं झालं आहे, ते गाडी परत घ्यायला तयार आहेत.

म्हणजे गाडी जाणार, आणि गाडीबरोबर नवस. अमावस्येनंतर दुसऱ्याच दिवशी घट बसणार. मग नऊ दिवस अखंड दिव्यापाशी मी घर सोडत नाही.

मग मी एक केलं. जी आली आहे ती स्वखुशीनं उतरेल कशी, याचा विचार केला. सप्तमी-अष्टमीला मी तिच्याशी बोलत गाडी चालवली. माझं नाव अंजनी, हे सांगितलं. माहेर अमरावतीचं, हे सांगितलं. तुमचं काही राहिलं का, कोणाला निरोप द्यायचा का, असं विचारलं. (सिग्नलवर शेजारच्या रिक्षातली माणसं माझ्याकडे पाहत, तेव्हा मी कानाला हात लावून फोनवर असल्यासारखं दाखवी.) उत्तर नेहमी त्याच ब्रेकरवर मिळायचं. खट्. जणू इथेच उतरवा, माझं घर आलं.

आणि मग लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. त्या एका ताटाच्या घरात हे कोण करणार? पहिलंच वर्ष, आणि नवऱ्याला वरणाला फोडणी देता येत असेल की नाही देव जाणे. ती ओटीसाठी अडकली होती.

नवमीला सकाळी मी न्हाऊन खीर केली, वडे केले. कपाटातली कोरी जांभळी साडी काढली, खण, नारळ, बांगड्या, हळद-कुंकू असं सगळं परातीत मांडलं आणि परात डाव्या सीटवर ठेवली. भय्यासाहेबांच्या हातात द्यायची, तिच्या फोटोसमोर ठेवायला सांगायची, म्हणजे ती मोकळी. वाटेत मी तिला म्हणाले, आज तुमचं सगळं नीट करते, मग माझी गाडी मला द्या. ब्रेकर आला. खट्. दिवा. श्वास. या वेळी वळणावर डावं दार बोटभर उघडलंसुद्धा, अगदी फाटकासमोर. मी हात जोडले आणि घंटी वाजवली.

दार एका बाईनं उघडलं. साठीची, भरल्या अंगाची. कपाळावर मरून टिकली.

परात माझ्या हातात कशी राहिली, माईलाच ठाऊक.

“कोण पाहिजे?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच,” मी म्हणाले.

त्या विभावरीताई. काल रात्रीच्या गाडीनं भोपाळहून, मुलाकडून परत आल्या होत्या. दीड महिन्यापूर्वी भय्यासाहेबांनी रिव्हर्स घेताना गाडी स्वतःच्याच फाटकावर घातली, तेव्हा शेजारी त्या बसल्या होत्या. या माणसाच्या शेजारी या जन्मात पुन्हा बसणार नाही असं सांगून त्या भोपाळला निघून गेल्या. इकडे भय्यासाहेबांनी गाडीच विकून टाकली. मागच्या खोलीत भय्यासाहेब वर्तमानपत्र इतकं उंच धरून बसले होते की फक्त चपला दिसत होत्या.

विभावरीताईंनी मला पाणी दिलं. मग परातीतली साडी पाहिली, नारळ पाहिला, खण पाहिला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मराठी बाईला एवढं पुरतं. त्या खुर्चीवर बसल्या.

“आज अविधवा नवमी आहे,” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

“माझी?”

मी खोटं बोलत नाही, निदान व्रताच्या दिवसांत. मी सगळं सांगितलं. सीट थोपटलेली, एकच ताट, टिकली, खट्, श्वास. सांगता सांगता मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. वर्तमानपत्राच्या दिशेनं एकदाच पाहिलं, तर चपला आत ओढल्या गेल्या. मग त्यांनी साडीची घडी उलगडून उजेडात धरली.

“मेल्यावर चालली असती,” त्या म्हणाल्या. “जिवंतपणी मी जांभळं नेसत नाही.”

खीर मात्र त्यांनी दोन वाट्या खाल्ली. हात धुतल्यावर त्यांना वेगळाच प्रश्न पडला. त्या तर भोपाळला होत्या. मग त्यांच्या सीटवर बसून कोण राहिली होती? हे पाहिल्याशिवाय राहवेना. आम्ही दोघी गाडीत बसलो, मी चालवायला, त्या डावीकडे. ब्रेकरवरून तीन वेळा गेलो. काही नाही. त्या उतरून फुटपाथवर उभ्या राहिल्या. मी एकटी गेले. खट्, दिवा, श्वास. त्या बसल्या. शांत. त्या उतरल्या. खट्. मग त्यांनी भय्यासाहेबांना वर्तमानपत्रासकट आणून बसवलं. शांत. त्यांना उतरवून पंधरा किलोची कणकेची गोणी ठेवली. खट्.

भर दुपारी रस्त्यात उभ्या राहून आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. आता अंगावर जो काटा आला तो वेगळा होता. जे कोणी होतं, ते माणसाच्या वजनाला मान देत होतं.

“ताई,” विभावरीताई म्हणाल्या, “तुमच्या मिस्त्रीनं कधी तुम्हाला एकटीला बसवून पाहिलं का?”

नव्हतं पाहिलं. दर वेळी आमचे हे अठ्ठ्याऐंशी किलो घेऊन शेजारी बसलेले असत.

योगेंद्र भैयाकडे आम्ही दोघी गेलो. त्यानं दोन्ही हकिगती ऐकल्या, डोकं खाजवलं, चार बोल्ट सोडून डावी सीट उचलून बाहेर काढली. खाली, चटईच्या आत, तारांचा एक जाडजूड जुडगा होता. वरचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं, मधला जोड ढिला. सीटवर माणूस बसलं की जोड दाबून धरला जायचा. सीट रिकामी असली की ब्रेकरच्या हिसक्यानं तो सुटायचा, आणि कुलूप, दिवा, पंखा तिन्ही एकदम जागे व्हायचे. (नवमीला दार उघडलं, ते परात ठेवताना मीच नीट लावलं नसणार.) त्यानं जोड कापून नवा बसवला, टेप गुंडाळली, सीट जागेवर लावली. वीस मिनिटं लागली. मग मला एकटीला चक्कर मारायला पाठवलं. ब्रेकर आला, गेला. काही नाही.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा विभावरीताई आमच्याकडेच चहा पीत होत्या. मी ओळख करून दिली. यांचा चहा अर्धा बशीत, अर्धा शर्टवर. मग ते उठले आणि गाडीची किल्ली माझ्या देवघरात ठेवून आले. स्टोअरमधून माल सुटल्यासारखी.

अमावस्येला संध्याकाळी मी एकटी निघाले. परडीत पानाचा द्रोण, तुपाची वात, फुलं. आता खरं सांगते, त्या पंधरवड्यात मला सगळ्यात जास्त भीती त्या संध्याकाळी वाटली. गाडीत कोणी नव्हतं. कुलूप वाजलं नाही, दिवा लागला नाही, गालाला काही शिवलं नाही. इतकी निखळ एकटी मी कधी कुठे नव्हतेच. माहेरी नाही, सासरी नाही, देवळातही नाही. दोनदा मी शेजारी पाहून “बसा” म्हणणार होते.

आणि मग, निम्मी वाट गेली असेल, एक वास आला. काहीतरी जळतंय असा, दाट, होमासारखा. काचा बंद होत्या. गाडीसुद्धा त्या दिवशी वेगळीच चालत होती. जड, संथ, गंभीर, जणू मागून कोणी तिला धरून ठेवलं होतं. मोटारी, रिक्षा, सायकली, सगळे मला मागे टाकून जात होते आणि माझ्यासमोर, स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या मधोमध एक लहानसा लाल दिवा लागला होता, अगदी कुंकवाच्या बोटासारखा. मला भरून आलं. हा भूत-पिशाच्चाचा प्रकार नव्हता. हे वेगळं होतं. सिग्नलला मी स्टिअरिंगवरच हात जोडले.

घाटावर दिवा सोडला. पितरांच्या नावानं सोडलेल्या दिव्यांच्या गर्दीत तो डगमगत गेला, एकदा वाकला, पुन्हा सरळ झाला. नवस फिटला. परत येतानाही तोच होम, तीच पालखीची चाल. फाटकापाशी हे उभे होते, आणि योगेंद्र भैयाही, काही गडबड झाली तर असावा म्हणून यांनी बोलावून ठेवलेला. मी खाली उतरले आणि म्हणाले, अहो, माई आज गाडीत होती, वास येतो का पाहा.

वास दोघांनाही आला. मागच्या दोन्ही चाकांमधून धूर निघत होता.

योगेंद्र भैया दार उघडून आत वाकला. हँडब्रेक वरपर्यंत ओढलेला होता, घरून निघाल्यापासून. त्यानं तो खाली केला, लाल दिवा विझला, गाडीनं सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखी एक इंच पुढे उडी घेतली. हे आभाळाकडे पाहत होते. योगेंद्र भैया मात्र माझ्याकडे फार प्रेमानं पाहत म्हणाला, “दीदी, भूत तो उसी दिन निकल गया था. आज गाड़ी को पकड़ के आप बैठी थीं.”