तळघरातला उमराव

पडद्यावरच्या उमरावाने कैदेत परत न्यायला आलेल्या पहारेकऱ्याच्या डोक्यात सुरई घातली, प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावला आणि घोड्यावर टांग मारून तो पसार झाला. सोफ्यावर बसलेली टिकलीची आई दचकली.

दचकणारच. ज्या जाडजूड पुस्तकावरून ही मालिका काढली होती, ते तिने टिकलीला रोज थोडं थोडं करत अख्खं वाचून दाखवलं होतं. पुस्तकातला उत्तरगडचा उमराव शत्रूच्या कैदेत सापडतो. आजारी आईला भेटून येतो, असा शब्द देऊन तो सुटतो आणि वाटेत ड्रॅगन आडवा आला तरी स्वतःच्या पायांनी कैदेत परत येतो. टिकलीच्या आईचं घर या एका प्रसंगावर चालत होतं. खेळणी आवरणं, दूध संपवणं, काय फोडलं ते खरं सांगणं, सगळं उमरावाच्या भरवशावर. परवा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून टाहो फोडत उतरलेल्या टिकलीने "शनिवारी नक्की परत येईन, उमरावाचा शब्द," असं सांगून सुटका करून घेतली होती. दुधाचा दात पडायचं नाव घेत नव्हता आणि मागून नवा दात वाकडा उगवत होता. त्या दाताच्या काळजीने टिकलीच्या आईची झोप उडाली होती. आणि शनिवार उद्यावर आला होता.

"उमराव परत नाही गेला," टिकली म्हणाली. आवाजात दुःख कमी आणि विचार जास्त होता.

"शहाणा आहे. तुरुंगात परत कोण जातंय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि दिसायलाही बरा आहे हो."

"म्हणजे शब्द दिला आणि नाही गेलं तरी चालतं." टिकलीने जिभेने दात चाचपला.

आता काहीतरी करणं भाग होतं. "हा उमराव नाहीच," टिकलीची आई म्हणाली. "हा तोतया आहे."

नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "तोतया कधी आला?"

"पहिल्यापासून हाच आहे. खऱ्याला त्याने तळघरात कोंडलंय."

"मग त्याला जेवायला कोण देतं?" टिकलीने विचारलं.

हा प्रश्न कोणत्याही आईच्या वर्मी लागला असता. तिने ताबडतोब तळघरात एक प्रेमळ स्वयंपाकीण नेमली. स्वयंपाकीण आत कशी जाते, म्हणून तिला एक चोरकिल्ली दिली. अंधारात उमरावाला भीती वाटत असेल, म्हणून कंदील दिला आणि सोबतीला एक मांजर.

"पांढरं?"

"पांढरंच. एक कान काळा."

टिकली डोळे बारीक करून तिच्याकडे बघू लागली. मग म्हणाली, "बरं. खरा उमराव गेला असता ना, मग मी पण जाईन."

टिकलीच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो फार टिकला नाही. सकाळी टिकली खाली खेळायला गेली आणि थोड्याच वेळात फोन सुरू झाले.

"अहो, तुमच्याकडे तळघर दाखवलं म्हणे," समोरच्या इमारतीतल्या बाई म्हणाल्या. "आमच्याकडे ते कापलं वाटतं."

दुसऱ्या आईची तक्रार वेगळी होती. "आमचा सकाळपासून उपाशी आहे. आधी उमरावाला वाढा म्हणतो."

"त्याला सांगा, स्वयंपाकीण आहे तिथे."

"ती कुठल्या भागात येते?"

"पुढच्या," टिकलीची आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"आता सिरीजवाल्यांनाच गाठ," नवरा म्हणाला. "तळघर बांधायला घ्या म्हणावं. मांजर आपण देऊ."

संध्याकाळी टिकली खरोखरच दवाखान्याच्या खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टरांनी तोंडावर मास्क चढवला. "वा. राणीसरकार शब्दाच्या पक्क्या निघाल्या. उमरावासारख्या नाहीत. बघितलास ना काल, कसा पळाला?"

"तो तोतया आहे. खरा तळघरात आहे," टिकली म्हणाली.

"तळघरात? मी सगळे भाग एका बैठकीत संपवलेत. तळघर नाहीच त्यात."

डॉक्टरांच्या समोर, टिकलीच्या डोक्यामागे उभी राहून तिची आई भुवया उडवू लागली. मग डोळे मोठे करून पाहिले. मग हळूच गालावर चापट मारून घेतली.

"तुमचीही दाढ दुखते का?" डॉक्टर म्हणाले. "नंतर बघतो."

"तळघर आहे," टिकली म्हणाली. "तुम्हाला झोप लागली असेल."

"अगं, मी डोळ्यांत तेल घालून बघितलीय. शेवटी तर तो उमराव मित्रालाही..."

"डॉक्टर, थांबा," टिकलीची आई म्हणाली. ती पुढे आली आणि खुर्चीशेजारी वाकली. दात राहिला तर राहू दे, पण आता आणखी एक स्वयंपाकीण नेमायची ताकद तिच्यात नव्हती. "टिकले, तळघर मी रचलं. तोतया वगैरे कुणी नाही. सिरीजवाल्यांनी आपल्या उमरावाला बदललंय आणि मला ते बघवलं नाही."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"मांजर आलं तेव्हाच."

"मग गावभर कशाला सांगत सुटलीस?"

"तू सांगितलं होतंस ना," टिकली म्हणाली. "मी खोटं म्हटलं असतं तर आजी हसली असती तुला." एवढं बोलून तिने मान मागे टाकली आणि आ वासला.

डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि ते नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं."

टिकलीने उघड्या तोंडाने आईकडे पाहिलं.

"थोडं दुखेल," तिची आई स्पष्ट म्हणाली. "पण पटकन होईल. मी हात धरते."

टिकलीने मान डोलावली.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर, गाल धरून बसलेले एक धिप्पाड गृहस्थ खुर्चीतून उठले आणि पाठोपाठ जिन्यावर धडाधड पावलं वाजली.

"अहो काका," काउंटरवरची मुलगी जिन्यात खाली वाकून म्हणाली, "आज नक्की काढतो म्हणाला होतात."