ऐनवेळचा विषय

देव सर्वत्र असतो, यात वाद नाही. पण रविवारी सकाळी त्याच्या घरातले मागचे बाक रिकामे दिसू लागले, की समिती नेमावी लागते.

आमच्या चर्चने ती अगदी वेळेवर नेमली, म्हणजे बाक रिकामे झाल्यावर. तिचे नाव 'परंपरा व परिवर्तन समन्वय सुवार्ता समिती'. नाव जरा लांबले; पण ते ठरवण्याच्या बैठका एकंदरीत खेळीमेळीत पार पडल्या (एक खुर्ची मोडली, पण ती आधीपासूनच हलत होती).

परंपरेची बाजू ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे होती. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. ऑर्गनच्या तीन पट्ट्या वाजत नसत. पण मंडळी त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसत आली होती आणि ती शांतता आता चालीचाच भाग झाली होती. परिवर्तनाची बाजू डॉक्टरांकडे होती. डॉक्टर दातांचे. लोकांना तोंड उघडायला लावण्याचा अनुभव दांडगा, म्हणून तरुणांना गायला लावण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आणि ड्रम आणला. बाईंचे म्हणणे, ड्रम सर्कशीत शोभतो. डॉक्टरांचे म्हणणे, सर्कशीला निदान लोक येतात.

पाळकसाहेब शांतताप्रिय. त्यांना दोघांचेही पटायचे, त्यातही जो शेवटी बोलेल त्याचे जरा जास्त. त्यांनी तोडगा काढला: गीताचे पहिले कडवे ऑर्गनवर, दुसरे ड्रमवर आणि तिसरे मनातल्या मनात. तिसऱ्या कडव्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. एका पाहणीनुसार (ती पाळकीणबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून केली) मंडळी सोडून जाणाऱ्यांत निम्मे ऑर्गनला कंटाळलेले होते आणि निम्मे ड्रमला. म्हणजे समतोल साधला होता, आणि तसे इतिवृत्तात नोंदवलेही आहे.

त्या दिवशीच्या बैठकीचा विषय होता, 'बाहेरच्या माणसापर्यंत कसे पोहोचावे'. चर्चा रंगात आली असताना बाहेरच्या माणसाने दार वाजवले.

पाळकसाहेब म्हणाले की हे आपण ऐनवेळच्या विषयांत घेऊ. दार पुन्हा वाजले. डॉक्टरांनी मत मांडले की दार ठोठावणे आता जुनाट वाटते, नव्या पिढीसाठी बेल बसवायला हवी. बाईंनी आठवण करून दिली की शास्त्रात ठोठावण्याचा उल्लेख आहे, बेलचा नाही. मत घेण्याइतपत वाद तापला, तोवर दार वाजायचे थांबले. (विषय आपोआप निकाली निघाला, असे समजून सर्वांना हायसे वाटले.) तेवढ्यात मागच्या दाराने पाळकीणबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि त्यांच्यामागून एक अनोळखी बाई, अंगावर बस कंडक्टरचा गणवेश.

कंडक्टरबाई बसल्या नाहीत. त्यांची आई रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात होती. आई लहानपणी याच चर्चमध्ये यायची. लग्न झाले आणि येणे सुटले. आता ती धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. नुसती एक चाल गुणगुणायची आणि मध्येच अडायची.

"पुढचं मला येत नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मी कधी शिकलेच नाही. कोणी येऊन म्हणेल का?"

बाहेरचा माणूस स्वतःच आत येईल, अशी तरतूद विषयपत्रिकेत नव्हती. पाळकसाहेबांनी उपसमितीची कल्पना मांडली. बाईंनी मात्र चाल गुणगुणून दाखवायला सांगितले. कंडक्टरबाईंनी आई अडायची तिथे तिथे अडत ती गुणगुणली. बाई काही वेळ ऑर्गनकडे बघत राहिल्या.

"तुमची आई अडत नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर म्हणतेय ती."

आणि पर्स उचलून त्या निघाल्या. डॉक्टरही उठले. बाई एकट्या गेल्या असत्या, तर अख्खे हॉस्पिटल परंपरेच्या ताब्यात गेले असते.

पलंगापाशी पोहोचल्यावर डॉक्टरांनी सुचवले की लय थोडी वाढवावी, पेशंटला हुरूप येतो. बाईंनी त्यांना सांगितले की समोर पेशंट आहे, मोटार नाही. नर्सने दोघांनाही बाहेर काढायची तंबी दिली, तेव्हा कुठे ते गायला लागले. डॉक्टरांना सगळे शब्द पाठ आहेत याचे बाईंना नवल वाटले. डॉक्टरांना त्याहून जास्त. मुक्या पट्ट्यांच्या जागा आल्या की डॉक्टर पलंगाच्या कठड्यावर बोटाने हलकेच ठेका धरत. बाईंनी तो धरू दिला. आजींनी डोळे उघडले, शेवटचे कडवे त्यांच्याबरोबर म्हटले आणि मुलीला विचारले, "काही खायला आहे का गं?"

कंडक्टरबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. डॉक्टरांनी चष्मा पुसला. बाईंनी कोणाकडेच पाहिले नाही. (अहवालात या घटनेचा 'रुग्णशय्या सुवार्ता अभियान, पहिला टप्पा' असा उल्लेख असून यशाचे श्रेय दोन्ही गटांना समसमान दिले आहे. पाळकसाहेब तिथे नव्हते, तरी त्यांचे मार्गदर्शन लाभल्याचे म्हटले आहे.)

आजी बऱ्या झाल्या आणि एका रविवारी लेकीचा हात धरून चर्चमध्ये आल्या. बाईंनी ऑर्गनवरून मान लववली. डॉक्टर ड्रममागे उठून उभे राहिले. कितीतरी वर्षांनी सुवार्तेचे फळ स्वतःच्या पायांनी चालत आत येत होते. आजींना दम लागला होता, म्हणून त्या मधल्या एका बाकाच्या कडेला टेकल्या.

तेवढ्यात एक सद्गृहस्थ आले. अत्यंत सभ्यपणे, हळू आवाजात ते म्हणाले, "आजी, जरा मागे बसता का? इथे मी बसतो नेहमी."

मागे हवी तेवढी जागा होती. आजी उठल्या, त्यांनी ते रिकामे बाक पाहिले, लेकीकडे पाहिले. पहिले गीत सुरू झाले तेव्हा दोघी बसस्टॉपवर उभ्या होत्या.

समितीने चौकशी केली. बाईंनी आणि डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच एकाच कागदावर सह्या केल्या. पण ते गृहस्थ परंपरेच्या गटातले निघाले नाहीत आणि परिवर्तनाच्याही नाहीत. ते कसल्याच भानगडीत नसतात. आपल्या जागेवर बसून दोन्हीकडच्या शहाण्यांची गंमत पाहायची, मनातल्या मनात हसायचे आणि घरी जाऊन ती चारचौघांना रंगवून सांगायची, एवढीच त्यांची सेवा. अशा समंजस माणसांच्या जोरावरच कोणतीही मंडळी टिकून असते, म्हणून समितीने त्यांच्यावर ठपका ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नये. मघापासून तुम्ही त्यांच्याच शेजारी हसत बसला आहात, आणि आजी उठल्या तेव्हा सरकून जागा तुम्हीही दिली नाहीत.