भिंगरीच्या कानांचा आलेख

“पालकांनी फक्त बसायचं. हलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, शाबासकीसुद्धा द्यायची नाही,” श्रवणतज्ज्ञ ताई म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली आणि हलायचं नाही हे आठवून ती अर्ध्यावरच थांबवली.

अण्णांना हे सांगायची खरं तर गरज नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि त्याहून जास्त मन लावून परीक्षांवर देखरेख केली होती. परीक्षेच्या खोलीत कसं बसावं, हे त्यांना कोणी शिकवावं म्हणजे जरा जास्तच होतं. पण ताई वयाने लहान होत्या, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

ती खोली म्हणजे मोठ्या खोलीत बसवलेली आणखी एक खोली होती. भिंतींना राखाडी स्पंज, दार फ्रिजच्या दारासारखं जाड आणि समोर एक काच. काचेपलीकडे ताई आणि त्यांचं यंत्र. अलीकडे एक टेबल, शेजारी प्लास्टिकची बादली, टेबलावर रंगीत ठोकळ्यांचा ढीग, अण्णा, आणि अण्णांच्या मांडीवर त्यांची पावणेचार वर्षांची नात. एका जागी कधीच बसत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. कानावर लावायचे हेडफोन तिने दोनदा काढून ताईंना परत दिले होते, “तुम्हीच घाला” असं म्हणून. त्यामुळे आवाज आता दोन बाजूंच्या स्पीकरमधून येणार होते. आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ.

खेळ होता, पण त्यावर बरंच काही अवलंबून होतं. लहान मुलं नवे शब्द कसे उचलतात, याचा संस्थेत अभ्यास चालू होता आणि भिंगरीच्या आईने तिचं नाव त्यात घातलं होतं. कान ठीक असतील तरच मूल अभ्यासात. कानांत काही निघालं, तर अभ्यास राहिला बाजूला, पुढे मोठ्या तपासण्या आणि कदाचित कायमचं कानामागे यंत्र. सून सकाळपासून पाण्याचा घोटही घेऊ शकली नव्हती. म्हणूनच तर अण्णा म्हणाले होते, “तू घाबरतेस आणि मग पोरगी घाबरते. मी नेतो.”

पहिला आवाज आला, भोंग्यासारखा. भिंगरीने ठोकळा टाकला. दुसरा आला, जरा हळू. तिने ठोकळा टाकला. अण्णा मनातल्या मनात खूश झाले.

मग खोलीत शांतता पसरली आणि त्या शांततेत भिंगरीने तिसरा ठोकळा टाकला.

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. थोड्या वेळाने, पुन्हा काहीएक झालेलं नसताना, चौथा ठोकळा बादलीत पडला. पोरगी अंदाजपंचे ठोकळे टाकत होती! बरोबर उत्तर देऊ न शकणारी पुष्कळ मुलं अण्णांनी पाहिली होती, त्यांचं त्यांना काही वाटत नसे. पण अंदाजाने उत्तर ठोकणाऱ्या मुलांचा त्यांना मनापासून राग होता. आणि इथे तर रक्ताचीच नात.

खुणा करायच्या नाहीत, हे त्यांना मान्य होतं. पण उत्तर सुचवणं वेगळं आणि गैरप्रकार थांबवणं वेगळं. त्यांनी टेबलाखालून भिंगरीच्या गुडघ्यावर अंगठा टेकवला. शांततेत तिचा हात ठोकळ्याकडे गेला की ते अंगठा हलकेच दाबत. भिंगरी हुशार होती. तिला दोन दाबांत समजलं. अंगठा दाबला की थांबायचं, सैल असला की टाकायचं. काचेपलीकडून दिसत होते ते फक्त दोन शांत, गंभीर चेहरे.

तपासणी संपली. ताईंनी कागद हातात घेतला, एकदा सुलटा बघितला आणि एकदा काचेसमोर धरून बघितला.

“जाड आवाज छान ऐकू येतात तिला,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण बारीक, उंच आवाज… तिथे आलेख बराच खाली येतोय. घाबरू नका. पुन्हा तपासू.”

“बोलते तर स्पष्ट,” अण्णा म्हणाले.

“कधी कधी लक्षात येत नाही. मुलं निभावून नेतात.”

परतीच्या वाटेवर अण्णा भिंगरीचं बोट धरून चालत राहिले आणि कोपऱ्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, “आवाज आला असं वाटलं म्हणून लगेच काही करायचं नाही बरं का. आधी खात्री करायची.”

“कशी?”

“शांत बसून.”

“बरं,” भिंगरी म्हणाली आणि घरापर्यंत एका पायावर उड्या मारत आली.

घरात व्हायचं तेच झालं. सुनेचे डोळे भरून आले. मुलगा म्हणाला, “असं कसं असेल? काल मी कपाट उघडलं तर खोलीतून ओरडली, बिस्कीट हवं म्हणून!” आणि त्याने लगेच घरगुती तपासणी करायची ठरवली. भिंगरी अण्णांसमोर चित्रं रंगवत बसली होती. मुलगा पाय न वाजवता तिच्या मागे गेला, अण्णांना डोळ्यांनीच ‘काही बोलू नका’ असं सांगितलं आणि पातेल्याचं झाकण फरशीवर सोडलं.

झाकण आधी दणकन पडलं आणि मग बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं. अण्णांनी पापणीही लववली नाही, कारण खूण करायची नव्हती. भिंगरीने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच झालेलं नव्हतं. तेव्हा तीही खात्री करत शांत बसली.

“अगं बाई गं!” म्हणून सुनेने पदर तोंडाला लावला.

“झाकण!” मुलगा कोरड्या आवाजात म्हणाला. “झाकण ऐकू आलं नाही तिला.”

“उंच आवाज असतो तो,” अण्णा म्हणाले. ते उगाचच होतं, पण त्या वेळी सगळ्यांना पटलं.

दोन दिवसांनी संस्थेतून निरोप आला. कानाच्या आत ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची व्यवस्था शेजारी शेजारी असते, म्हणून पुन्हा कान तपासताना तोलही तपासू. स्पंजच्या जाड ठोकळ्यावर डोळे मिटून दहा अंकांपर्यंत उभं राहायचं असतं.

परीक्षेचं स्वरूप आधी कळलेलं असताना सराव करून न घेणं अण्णांना शक्यच नव्हतं. त्यांनी दोन उशा एकावर एक ठेवल्या.

“हे बघ. असं चढायचं. हात बाजूला. डोळे मिटायचे. एक… दोन…”

तीन म्हणायच्या आत ते डावीकडे कलले, खुर्चीची पाठ पकडायला गेले आणि खुर्चीसकट धुण्याच्या टोपलीत बसले.

“आजोबा, तुम्ही दोनपर्यंतच गेलात,” भिंगरी म्हणाली. मग ती स्वतः उशांवर चढली आणि डोळे मिटून तिने दहापर्यंत मोजलं. मध्ये सात विसरली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“उशा मऊ आहेत फार,” टोपलीतून अण्णा म्हणाले. त्यांचा घोटा तासाभरात टोमॅटोसारखा सुजला आणि त्यामुळे पुढच्या तपासणीला सून गेली.

ती परत आली ती जवळजवळ धावतच. “अण्णा, सगळं ठीक आहे! एकूण एक आवाज ऐकू आला तिला! ताई म्हणाल्या, इतके स्वच्छ कान मी महिन्याभरात पाहिले नाहीत! आणि तोलही उत्तम!”

मुलाने भिंगरीला उचलून गरागरा फिरवलं. अण्णा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, “तू कुठे बसली होतीस?”

“मागे, कोपऱ्यात. का?”

“तिच्यावर लक्ष कोणाचं होतं?”

“लक्ष कशाला हवं?”

अण्णांच्या मनाला ते लागून राहिलं. पोरगी धडाधड अंदाजाने ठोकळे टाकत सुटली असणार, आणि आईने काही ते थांबवलं नसणार. सगळे आनंदात होते. तो आनंद खोट्या गुणांवर उभा होता आणि हे घरात एकट्या अण्णांना माहीत होतं. उद्या खरंच कानांत काही असलं आणि उपचाराची वेळ निघून गेली, तर? दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी काठी घेतली आणि लंगडत संस्थेत गेले.

संस्थेत वेगळाच गोंधळ चालला होता. एकाच मुलीचे आठ दिवसांत दोन आलेख, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे यंत्रच बिघडलं असणार, असं ठरलं होतं. अकरा मुलांच्या तपासण्या अडकून पडल्या होत्या. दुरुस्तीवाला दीड दिवस स्पीकरसमोर मोजणीचं उपकरण धरून बसला होता आणि आता खवळला होता.

“यंत्रात काही नाही, ताई! लिहून देतो. हवं तर शिक्का मारून देतो.”

“मग आलेख का बदलला?”

“मुलगी बदलली असेल!”

नेमक्या त्या वेळी अण्णा दारात उभे राहिले. “दुसरी तपासणी रद्द करा,” ते म्हणाले. “माझी सून सरळ आहे, पण तिला देखरेख जमत नाही. मी मुलीला पुन्हा घेऊन येतो. पहिलीच तपासणी खरी होती.”

स्वतःच्या नातीचे चांगले गुण काढून घ्या म्हणणारा आजोबा ताईंनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ दिली.

तिसरी तपासणी पहिलीसारखीच झाली. तोच भोंगा, तीच शांतता, टेबलाखाली तोच अंगठा. भिंगरीला आता सवय झाली होती. अंगठा दाबला जायच्या आधीच ती त्याची वाट बघू लागली होती. ताईंनी आलेख काढला, पहिल्या आलेखावर ठेवला आणि दोन्ही कागद उजेडात धरले. एकही ठिपका इकडचा तिकडे नव्हता.

तेवढ्यात अभ्यासाच्या प्रमुख, मोठ्या बाई आत आल्या. त्यांनी ताईंच्या हातातला कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सहज म्हणाल्या, “कोणाचा हा? सत्तरीच्या आसपासचे असतील गृहस्थ. वयाने असाच उतरतो.”

“बाई,” ताई म्हणाल्या, “ही मुलगी आहे. पावणेचार वर्षांची.”

मोठ्या बाईंनी चष्मा खाली घेतला. आधी कागदाकडे पाहिलं, मग भिंगरीकडे आणि मग बराच वेळ तिच्यामागे काठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या अण्णांकडे. त्या गुडघ्यांवर बसल्या.

“बाळा, ते अगदी बारीक आवाज होते ना, चिमणीसारखे? ते ऐकू आले का गं तुला?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

“मग ठोकळा का नाही टाकलास?”

भिंगरीला प्रश्नच कळला नाही. मोठ्या माणसांना इतकं साधं कसं समजत नाही, अशा चेहऱ्याने ती म्हणाली, “आजोबांना अजून आला नव्हता ना.”

शिक्का मारलेला कागद द्यायला आलेला दुरुस्तीवाला आपली पेटी आवरत होता, तो थांबला. अण्णांनी उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो हळूच मुठीत घेतला.

“खोली शांत होती,” ते म्हणाले. “मी स्वतः तिथे होतो. अगदी शांत होती.”

“तुमच्यापुरती, काका,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “तुमचं वय काय?”

“एकाहत्तर.”

ताईंनी पेन काढलं. पहिल्या आणि तिसऱ्या आलेखावर ‘वय’ या रकान्यातलं पावणेचार खोडून एकाहत्तर लिहिलं आणि नावाच्या जागी अण्णांचं नाव घातलं. भिंगरीच्या कागदांत फक्त दुसरा आलेख राहिला, आणि तो निर्दोष होता. अभ्यासात तिचं नाव पक्कं झालं. अकरा मुलांना फोन करायला शिपाई धावला.

अण्णा खुर्चीत बसले. गेल्या दहा दिवसांचं सगळं गणित त्यांनी मनात पुन्हा मांडून पाहिलं. सुनेचं रडणं, मुलाचं झाकण, अडकलेली अकरा मुलं, दीड दिवस बसलेला दुरुस्तीवाला. उत्तर प्रत्येक वेळी तेच येत होतं. शेवटी त्यांनी खाकरून विचारलं, “माझी तपासणी करायची म्हणजे आता…”

“अर्धी झालीच आहे,” ताई म्हणाल्या. “तीही दोनदा. इतकी काटेकोर तपासणी मला करता आली नसती. आता हेडफोन लावून एकेक कान वेगळा बघू. आजच.”

नियमाप्रमाणे अर्ज भरायचा होता. ‘रुग्णासोबत आलेली व्यक्ती’ इथे आल्यावर अण्णांचं पेन थबकलं. मग त्यांनी भिंगरीचं नाव लिहिलं.

ताईंनी भिंगरीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि तेवढ्याच गांभीर्याने सांगितलं, “तू फक्त बसायचं हं. हलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत.”

“नाही हलणार,” भिंगरी म्हणाली. तिने दोन्ही हात पायांखाली दाबून ठेवले. मग तिने आजोबांकडे जरा काळजीने पाहिलं. “पण ते चुकले तर?”

हेडफोन डोक्यावर चढवता चढवता अण्णा थांबले.

“चुकू दे मला,” ते म्हणाले. “तेच तर बघायचंय त्यांना.”