एका केबीत मावलेली रंगूबाई

सन २००२ च्या मार्चअखेरीस नाशिकच्या लोककला जतन कक्षाला एक फ्लॉपी मंजूर झाली. सुरगाण्याहून जीपनं आलेल्या रंगूबाईचं नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं लावायचं गाणं तिच्यात भरायचं होतं. अठराच्या अठरा कडवी येणारी ती एकटीच उरली होती. संगणकचालक सविता तर त्या गाण्याच्या प्रेमातच पडली होती.

"साहेब, गाण्याची एमपीथ्री फाईल नऊ एमबीची आहे. फ्लॉपीत मावत नाही."

"मग खालची ही कोणती?" कक्षप्रमुख यादवसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"ती एम-थ्री-यू. तिच्यात गाणं नाही, नुसता पत्ता आहे. तो वाचून कॉम्प्युटर आपल्या सर्व्हरवरून गाणं ओढून आणतो."

"वाजवा."

वाजलं.

"वाजतंय की. साइज?"

"एक केबी."

"आणि तुम्ही नऊ एमबी अडवून बसलात."

याच पद्धतीनं जिल्ह्यातली तीनशे गाणी एका फ्लॉपीत बसली. जागा उरली म्हणून यादवसाहेबांचा फोटोही घातला. मग तपासणी पथकानं शेरा मारला: एकाच गाण्याच्या दोन फाईली, सबब मोठी रद्द करावी. सवितानं पोटतिडकीनं हरकत लिहिली. साहेबांनी तिच्यावर 'पाहिले' अशी सही केली आणि सविता डबा खायला गेली असताना सर्व्हर स्वहस्ते रिकामा केला.

लोकार्पणाला फ्लॉपीला हार घातला. पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, फाईल सापडत नाही.

"फाईल आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "फक्त ऐकू येत नाही."

पहिल्या रांगेतून रंगूबाई उठली. "मी हाय ना हितं. म्हणू का?"

"बसा आजी. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्यक्ष गाण्याची तरतूद नाही."

सविताला हसू आवरेना आणि रडूही. तिनं रंगूबाईला घर कुठं ते विचारलं, फाईल उघडली, जुना पत्ता पुसला आणि नवा टाकला: सुरगाणा स्टँडवरून जीप, शेवटच्या थांब्यापासून वर चढण, चिंचेजवळचं घर. अठरा कडवी, बाई घरी असल्यास.

फाईल सर्व कार्यालयांना रवाना झाली. सगळ्यांनी ती जपून ठेवली, पोच दिली, अभिनंदनही कळवलं. चिंचेजवळ कुणी फिरकलं नाही. आता पत्ता तुमच्याकडेही आला आहे. तुम्हीही तो जपून ठेवाल, याबद्दल कक्षाला तिळमात्र शंका नाही.